पंपावरील तेलविहिरीचे उत्पादन हेलकावे का खाते : पंप बदलण्याआधी घड्याळ लावून बसा

तुम्ही पाठवलेल्या माहितीचा गोषवारा प्रथम देतो, म्हणजे पुढील विवेचन कशाविषयी आहे ते स्पष्ट राहील. तुमच्या विहिरीत सकर रॉड पंप (जमिनीवरून रॉडने वर-खाली हलवला जाणारा पंप) 1200 मीटर खोलीवर, छिद्रपट्ट्याच्या, म्हणजे थरातून तेल आत येण्यासाठी केसिंगला पाडलेल्या छिद्रांच्या, काहीसा वर बसवलेला आहे. केसिंग (विहिरीची बाहेरची नळी) 5½ इंची, ट्यूबिंग (तिच्या आतली, तेल वर आणणारी नळी) 2⅞ इंची, पाणी नगण्य, आणि दर घनमीटर तेलामागे सुमारे 150 घनमीटर वायू येतो. जीजीएसवरील (अनेक विहिरींचे तेल गोळा करणाऱ्या केंद्रावरील) टेस्ट सेपरेटरवर, म्हणजे तेल आणि वायू वेगळे करून मोजणाऱ्या टाकीवर, दोन तासांची चाचणी घेतली तेव्हा दिवसाला 22 घनमीटर असा हिशेब निघाला, आठवड्याने घेतलेल्या चाचणीत तोच आकडा 9 झाला. इकोमीटरच्या (प्रतिध्वनीवरून द्रवाची पातळी शोधणाऱ्या यंत्राच्या) मोजणीत पातळी 850 मीटरवर दिसते, म्हणजे पंपाच्या डोक्यावर 350 मीटर द्रव उभा आहे; तरीही डायनॅमोमीटर कार्ड, म्हणजे एका स्ट्रोकमधील रॉडवरच्या भाराचा आलेख, सांगते की पंपाचे बॅरल (नळकांडे) अर्धेही भरत नाही. पंप दोनदा बदलून झाला आणि आता तिसऱ्यांदा वर्कओव्हर रिग (विहिरीतून पंप बाहेर काढणारे यंत्र) मागवावी का, असे तुम्ही विचारता.

माझे उत्तर असे आहे की रिग मागवू नका, निदान पुढील चोवीस तास तरी नाही. 22 आणि 9 हे दोन आकडे पंपाच्या चांगल्या आणि वाईट अवस्थेचे नसून एकाच विहिरीच्या एकाच श्वासाच्या दोन टोकांचे आहेत, असा माझा दाट संशय आहे. ज्या विहिरीचे चक्र तीन-चार तासांचे आहे तिची दोन तासांची चाचणी घेऊन त्याला बाराने गुणले, तर चक्राच्या कोणत्या भागात चाचणी सापडली यावर आकडा ठरतो. दोन्ही चाचण्या प्रामाणिक असूनही दोन्ही निरुपयोगी ठरतात, आणि विहीर प्रत्यक्षात दिवसाला पंधराच्या आसपास देत असते.

पंपावरील विहिरीत वायू आणि द्रव यांचा प्रवाह अस्थिर होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : वायू साठवणारी पोकळी, द्रव साठवणारी पोकळी, आणि एकीतून दुसरीत जाण्याचा असा रस्ता जो कधी मोकळा असतो तर कधी तुंबतो. विहिरीत अशा पोकळ्या अनेक आहेत आणि त्यांचे आकारमान निरनिराळे आहे. म्हणून हेलकाव्याचा कालावधी मोजला की कोणती पोकळी श्वास घेत आहे याचा अंदाज येतो. हेलकावा दर स्ट्रोकला, म्हणजे सहा ते दहा सेकंदांनी दिसत असेल तर दोष पंपाच्या बॅरलमध्ये शोधावा. तो वीस-तीस मिनिटांचा असेल तर ट्यूबिंगच्या वरच्या भागात, काही तासांचा असेल तर केसिंग आणि ट्यूबिंग यांच्यामधील कंकणाकृती पोकळीत, म्हणजे ॲन्युलसमध्ये शोधावा. आणि दिवस-रात्रीचा असेल तर फ्लो लाइनमध्ये (विहिरीपासून जीजीएसला जाणाऱ्या नळीत), तेलातून साचणाऱ्या मेणात, किंवा पाळीवरच्या माणसांच्या सवयीत. हा काही सिद्धान्त नव्हे, केवळ आकारमानाचा हिशेब आहे, आणि तो तुमच्याच विहिरीवर करून दाखवतो.

5½ इंची केसिंगचा आतील व्यास सुमारे 125 मिलिमीटर आणि 2⅞ इंची ट्यूबिंगचा बाहेरील व्यास 73 मिलिमीटर धरला तर ॲन्युलसचे क्षेत्रफळ 0.0080 चौरस मीटरच्या जवळपास येते. म्हणजे दर 100 मीटर लांबीत 0.8 घनमीटर. पंपाने द्रव उचलणे थांबवले आणि थरातून दिवसाला 20 घनमीटर येत राहिले, तर ॲन्युलसमधील पातळी 100 मीटर चढायला साधारण एक तास लागतो. ट्यूबिंगचे गणित वेगळे आहे. आतील 62 मिलिमीटर व्यासातून ¾ इंची रॉडची जागा वजा केली तर 100 मीटरमागे 0.27 घनमीटर उरते. ट्यूबिंगच्या माथ्यावरील दीडशे मीटर वायूच्या झोताने रिकामे झाले, तर ते पुन्हा भरायला अर्धा तास पुरतो. दोन्ही आकडे इतके दूर आहेत की गल्लत व्हायला नको; तरीही ती होते, कारण कोणी घड्याळ लावून बसत नाही.

आता ॲन्युलसविषयी सविस्तर लिहितो, कारण तुमचा आजार तिथेच असावा. पंपात वायू जाऊ नये म्हणून तो ॲन्युलसमधून वर सोडायचा आणि केसिंगच्या तोंडावरून एका एनआरव्हीमार्गे (वायूला एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमार्गे) फ्लो लाइनला जोडायचा, ही सर्वत्र प्रचलित पद्धत आहे. हा मार्ग मोकळा असतो तोवर केसिंगचा दाब फ्लो लाइनच्या दाबापेक्षा किंचित जास्त राहतो आणि विहीर शांत असते. एनआरव्हीची पाकळी मेणाने चिकटली, किंवा त्याच हेडरवरील (सामाईक नळीवरील) दुसऱ्या विहिरीमुळे लाइनचा दाब चढला, की वायूचा रस्ता तुंबतो. केसिंगचा दाब वाढू लागतो आणि द्रवाची पातळी खाली ढकलली जाते. 8 किलो दाब वाढला (आमच्याकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरला सगळे नुसते किलोच म्हणतात) तर 0.85 घनतेच्या निव्वळ तेलाचा स्तंभ सुमारे 94 मीटर खाली जातो. वायूमिश्रित फेसाळ स्तंभ त्याहून बराच जास्त. पातळी पंपाच्या तोंडापाशी पोहोचली की वायूला दुसरी वाट मिळते, आणि ती वाट म्हणजे पंप.

तिथून पुढे घटना वेगाने घडतात. पंपातून ट्यूबिंगमध्ये शिरलेला वायू वरचा द्रवस्तंभ हलका करतो, हलका स्तंभ स्वतःहून वाहू लागतो, आणि विहीर काही मिनिटे पंपाविना वाहिल्यासारखी फुरफुरते. ॲन्युलसमधील साठलेला वायू या वाटेने निघून जातो, केसिंगचा दाब उतरतो, थरावरचा भार कमी होऊन द्रव पुन्हा आत येऊ लागतो, पातळी चढते, पंप पूर्ण भरतो आणि काही काळ कार्ड इतके सुबक येते की कोणीही पंपाला प्रमाणपत्र द्यावे. दरम्यान एनआरव्ही तशीच अडकलेली असते, त्यामुळे दाब पुन्हा चढू लागतो.

या चक्राला किती वेळ लागावा? 850 मीटरपर्यंतच्या ॲन्युलसमध्ये साधारण 6.8 घनमीटर वायू मावतो. त्याचा दाब 8 किलोने वाढवायला वातावरणीय मापाने जेमतेम 54 घनमीटर वायू लागतो. तुमची विहीर दिवसाला 15 घनमीटर तेलाबरोबर 2250 घनमीटर, म्हणजे तासाला सुमारे 94 घनमीटर वायू देते. सगळा वायू अडकला तर पाऊण तासाच्या आत एवढा दाब चढेल. एनआरव्ही अर्धवट चालत असेल आणि काही वायू पंपातून जात असेल तर दीड ते दोन तास लागतील. त्यात उतरण्याचा आणि पातळी पूर्ववत होण्याचा काळ मिळवला की तीन-चार तासांचे चक्र तयार होते. चाचणीतील तुमच्या तफावतीशी हे जुळते.

हे मी पुस्तकी सांगत नाही. उत्तर गुजरातमधील एका विहिरीवर, मेहसाणा परिसरातील ऐन थंडीत, मी असाच एक संपूर्ण दिवस आणि रात्र काढली आहे. त्या विहिरीचाही पंप आधी बदलून झाला होता. केसिंगवरील दाबमापकाचा काटा प्रत्येक नोंदवहीत 6 किलो दाखवत होता. तो महिनोन्महिने 6 वरच अडकलेला होता आणि नोंद करणारे इमानेइतबारे 6 लिहीत होते. नवा दाबमापक लावून दर दहा मिनिटांनी वाचन घेतले, तर दाब 6 वरून चढत चढत 14 पर्यंत गेला आणि मग वीस मिनिटांत कोसळला. दाब शिखरावर असताना पंप थांबवून पाहिले तेव्हा पॉलिश रॉड (विहिरीच्या तोंडातून वर-खाली होणारा सर्वांत वरचा रॉड) कोरडा ठणठणीत होता आणि स्टफिंग बॉक्स (त्याभोवतीची गळती रोखणारी डबी) हात ठेववणार नाही इतका तापलेला होता. दोन तासांनंतर त्याच रॉडवर तेलाचा ओला पापुद्रा होता. रात्रपाळीच्या ऑपरेटरने मला सहज सांगितले की ही लाइन दर तीन-चार तासांनी सुस्कारा सोडते. त्याला हे वर्षभर ठाऊक होते. कोणी विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही. सकाळी एनआरव्ही उघडली तेव्हा पाकळीच्या बिजागरीवर मेणाचा बोटभर थर निघाला. ती साफ केल्यावर विहीर शांत झाली. स्टफिंग बॉक्सचे पॅकिंग वारंवार जळण्याची तक्रार, जी आजवर वेगळ्या रकान्यात लिहिली जात होती, तीही थांबली.

तुमच्या इकोमीटरच्या वाचनाबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. आवाजाचा प्रतिध्वनी जिथून परत येतो ती जागा म्हणजे वायूमिश्रित स्तंभाचा माथा. त्याखाली निव्वळ द्रव आहे असे ते यंत्र सांगत नाही. 350 मीटर निव्वळ तेलाचा दाब सुमारे 30 किलो भरतो. पण त्या स्तंभातून दिवसाला दोन हजार घनमीटरहून अधिक वायू बुडबुड्यांच्या रूपाने वर जात असेल आणि द्रवाचा वाटा 60 टक्केच असेल, तर प्रत्यक्ष दाब 18 किलोच उरतो. म्हणजे पंपावर द्रवाचा डोंगर आहे असे वाटते, आणि असते ती फेसाने भरलेली घागर. हे तपासण्याचा सोपा उपाय असा : केसिंगचा व्हॉल्व्ह काही मिनिटे बंद करून दाब किती वेगाने चढतो ते पाहा. त्यावरून ॲन्युलसमधून किती वायू येत आहे याचा हिशेब निघतो आणि स्तंभातील द्रवाच्या वाट्याचा अंदाज बांधता येतो. वेळ असेल तर केसिंगचा दाब टप्प्याटप्प्याने वाढवून पातळी किती खाली जाते ते मोजा. दाबातील वाढ भागिले पातळीतील घट हे त्या स्तंभाचे खरे वजन.

आता पंपाकडे वळतो. बॅरलमध्ये वायू शिरल्यावर काय होते ते सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा दाबणाऱ्याला वेगळे सांगायला नको. प्लंजर (बॅरलमधला दट्ट्या) खाली येतो तेव्हा त्यातला ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह उघडण्यासाठी बॅरलमधील दाब वरच्या ट्यूबिंगमधील दाबाहून जास्त व्हावा लागतो. 1200 मीटरवर तो 90 किलोच्या आसपास धरू. प्लंजरचा प्रत्यक्ष स्ट्रोक 1.5 मीटर आणि तळाशी उरणारी मृत जागा 10 सेंटिमीटर असेल तर दाबगुणोत्तर 16 येते. बॅरल पूर्णपणे 15 किलो निरपेक्ष दाबाच्या वायूने भरले असेल तर तो सहापट दाबला जाईपर्यंत, म्हणजे प्लंजर 1.33 मीटर खाली येईपर्यंत, व्हॉल्व्ह उघडतच नाही. दीड मीटरच्या स्ट्रोकपैकी जेमतेम 17 सेंटिमीटर कामी येतात. आणि आत येणारा दाब 4 किलो असेल तर सोळापटीने 64 किलोच होतात. व्हॉल्व्ह मुळीच उघडत नाही. यालाच गॅस लॉक म्हणतात. मृत जागा 5 सेंटिमीटरवर आणली तर तेच गुणोत्तर 31 होते आणि कुलूप सुटते. हे काम पॉलिश रॉडचा क्लॅम्प सरकवून जमिनीवरूनच होते, त्यासाठी रिग लागत नाही. मात्र प्लंजर तळावर आपटेल इतके खाली उतरवून, त्या धक्क्याने व्हॉल्व्ह उघडण्याची जी हौस काही ठिकाणी दिसते ती मला मान्य नाही. आज सुटलेल्या कुलपाची किंमत उद्या तुटलेल्या रॉडने चुकवावी लागते.

खऱ्या विहिरीत कायमचा गॅस लॉक क्वचितच आढळतो. पंप उचलत नाही म्हणून ॲन्युलसमधील पातळी चढते, आत येणारा दाब वाढतो, प्लंजरच्या फटीतून थोडा द्रव बॅरलमध्ये झिरपतो, आणि कुलूप आपोआप उघडते. म्हणजे हेही एक चक्रच, फक्त त्याचे कारण पंपात आणि त्याचे घड्याळ ॲन्युलसमध्ये असते. दोन्ही चक्रे वेगळी ओळखायची तर केसिंगचा दाब पाहावा. उत्पादन पडण्याआधी तो चढत असेल तर वायूचा रस्ता तुंबला आहे. तो स्थिर आणि कमी असताना उत्पादन पडत असेल तर पंपाची मृत जागा आणि गॅस अँकर (पंपात शिरण्याआधी द्रवातून वायू वेगळा करणारी रचना) तपासावा. कार्डाच्या आकाराचाही उपयोग होतो : खाली येतानाची रेषा गोलाई घेत हळूहळू उतरत असेल तर वायू, आणि स्ट्रोकच्या मध्यावर कड्यासारखी कोसळत असेल तर द्रवच अपुरा. पण एकच कार्ड घेऊन निर्णय करू नये. दाब शिखरावर असताना एक आणि तळाला असताना एक, अशी दोन कार्डे एकाच कागदावर छापून पाहावीत.

गॅस अँकरविषयी तुम्ही लिहिले आहे की तो 2⅞ इंची नळीत 1¼ इंची डिप ट्यूब (पंपाकडे द्रव नेणारी आतली नळी) घालून बनवलेला, आम्ही ज्याला गरिबाघरचा अँकर म्हणतो तसा आहे. याचाही हिशेब करा. पातळ तेलात पाव इंचाचा बुडबुडा सेकंदाला साधारण 0.15 मीटर वेगाने वर चढतो. द्रव त्याहून जास्त वेगाने खाली जात असेल तर तो बुडबुड्याला सोबत ओढून नेतो. तुमच्या अँकरमधील उतरत्या मार्गाचे क्षेत्रफळ 0.0016 चौरस मीटर आहे आणि दिवसाला 20 घनमीटरला सरासरी वेग 0.14 येतो. कागदावर हे चालण्यासारखे दिसते. परंतु पंप फक्त वर जाताना द्रव ओढतो, खाली येताना नाही. त्यामुळे ओढण्याच्या क्षणी वेग सरासरीच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि अँकरचा उपयोग संपतो. त्याउलट पंपाचे तोंड छिद्रपट्ट्याच्या खाली नेले तर केसिंग हाच अँकर बनतो, 0.0080 चौरस मीटरमधून तोच प्रवाह 0.03 मीटर वेगाने उतरतो, आणि तिप्पट धरला तरी बुडबुडे मागे राहतात. पुढे कधी अन्य कारणाने रिग आलीच तर हे करून घ्या. अट एकच : तळाशी वाळू साचलेली नसावी.

जाड तेलाला मात्र हा 0.15 चा नियम लागू करू नका. मेहसाण्याच्याच बलोल आणि संथाल क्षेत्रांत थरात हवा सोडून तेलाचा काही भाग जाळण्याची पद्धत वापरली गेली. बलोलला 1990 मध्ये प्रयोग सुरू झाला आणि 1997 पासून व्यापारी प्रमाणावर काम झाले. तिथे उत्पादक विहिरींत येणारा वायू म्हणजे बहुतांशी ज्वलनाचा नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड. नायट्रोजन तेलात फारसा विरघळत नाही आणि चिकट तेल बुडबुड्याला सुटू देत नाही, म्हणून तिथल्या पंपांच्या तक्रारी हलक्या तेलाच्या अनुभवावर मोजता येत नाहीत. मुंबई हायचे उदाहरण तुम्ही दिले आहे, पण तिथे प्रामुख्याने गॅस लिफ्ट, म्हणजे विहिरीत वायू सोडून द्रवस्तंभ हलका करण्याची पद्धत, आहे. ॲन्युलसचे हेलकावे तिथेही येतात, मात्र उपाय वायू सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या छिद्राच्या मापात असतो.

ट्यूबिंगच्या हेलकाव्याबद्दल थोडक्यात सांगतो. केसिंग स्थिर असूनही विहीर दर अर्ध्या तासाने फुरफुरत असेल, तर तेलात विरघळलेला वायू वरच्या शे-दोनशे मीटरमध्ये सुटून स्तंभ उडवत आहे. फ्लो लाइनच्या तोंडाशी बॅक प्रेशर व्हॉल्व्ह लावून ट्यूबिंगचा दाब 5 वरून 15 किलोवर न्या. माथ्याजवळील वायूचे आकारमान जवळपास एक-तृतीयांशावर येते आणि झोत थांबतो. यामुळे उत्पादन घटेल ही तुमच्या वरिष्ठांची भीती वाहत्या विहिरीच्या अनुभवातून आलेली आहे. सकर रॉड पंप ट्यूबिंगमधील दाबाची फारशी पर्वा करत नाही, थराला तो दाब जाणवत नाही. जाणवतो तो केसिंगचा. थोडा भार रॉडवर वाढतो, आणि ट्रॅव्हलिंग व्हॉल्व्ह उघडायला 10 किलो जास्त लागतात, म्हणून गॅस लॉककडे झुकलेल्या विहिरीवर आधी मृत जागा कमी करून मगच हा व्हॉल्व्ह लावावा.

तर आज करायचे ते असे. केसिंग आणि ट्यूबिंग दोन्हींवर तपासलेले दाबमापक लावा आणि चोवीस तास दर दहा मिनिटांनी दोन्ही दाब लिहा. त्याच काळात विहीर टेस्ट सेपरेटरवर सलग ठेवा. जीजीएसवाले कुरकुर करतील, तरी तीन पूर्ण चक्रांहून कमी चाचणी स्वीकारू नका. चक्र दिसले की एनआरव्ही उघडून पाहा आणि शेजारच्या विहिरींच्या लाइनदाबाशी वेळा जुळतात का ते तपासा. केसिंगचा वायू हवेत सोडून पाहण्याचा मोह मात्र टाळा. तो ज्वालाग्राही आहे, आणि विहीर शांत झालीच तरी कारण एनआरव्हीत होते की लाइनमध्ये हे त्यातून समजत नाही. एनआरव्ही स्वच्छ असूनही केसिंगचा दाब चढत-उतरत राहिला, तर मला तो चोवीस तासांचा तक्ता आणि दोन्ही कार्डे पाठवा.